नानाजींचं स्टेरिंग आणि आमची इमानदारी

गॅरेज चालवलं की दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, कुठल्या गाडीतून निघाले ते कोणालाच न आठवणारे नट. आणि दुसरे किस्से. नट आम्ही अधूनमधून भंगारवाल्याला देऊन टाकायचो. किस्से कोण घेणार? ते राहिले माझ्याकडेच. चार दोस्त जमले, चहा आला, की एकाला लागून दुसरा निघतोच.

आमचं गॅरेज साकोलीला, हायवेला लागून. आणीबाणी उठली त्याच्या पुढची वर्षं. सुखदेव मिस्त्री आणि मी त्याचा भागीदार. पाना त्याचा, तोंड माझं! स्पेअर पार्ट आणायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचं, चिडलेल्यांना चहा पाजायचा, ही सगळी माझी खाती.

सुखदेव नागपूरची पक्की नोकरी सोडून आला होता. त्यांच्या घरात पगाराची नोकरी लागलेला तो पहिला आणि ती सोडणाराही पहिलाच. त्या दिवसापासून त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. "गॅरेज नाई चाललं तं कोन्त्या तोंडानं घरी जाऊ बे?" असं तो मला विचारायचा. मी त्यालाही चहा पाजायचो. कारण गॅरेज खरोखरच चालत नव्हतं, आणि त्याचं कारण होतं सानगडीचे नानाजी.

*

नानाजी जुन्या मालगुजार, म्हणजे जमीनदार घराण्यातले. धानाची भरपूर शेती, पांढरंशुभ्र धोतर आणि काळी ॲम्बेसिडर. देवळात गेले की एक चप्पल या खांबाला ठेवायचे, दुसरी त्या खांबाला. चोराला जोड मिळू नये म्हणून!

पहिल्यांदा गाडी आणली तेव्हा त्यांनी खिशातून सुनेची नेलपॉलिशची बाटली काढली. बॅटरीवर लाल ठिपका, डायनामोवर ठिपका, स्टेपनीवर ठिपका. आम्ही पार्ट बदलून टाकू नयेत म्हणून ही निशाणी. सुखदेवचा चेहरा उतरला.

"नानाजी, आमच्यावर भरोसा नाई का जी?"

"हाय ना! भरोसा हाय म्हनून तं दिसंल अशी निशानी मारून राहिलो. नसता तं लपवून मारली असती!"

आता त्या भागात स्वतःची मोटर असलेली माणसं मोजकी, आणि सगळ्यांचं लक्ष नानाजींकडे. नानाजी ठिपके मारतात म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, असा हिशेब झाला. जो तो बाटली घेऊन यायला लागला. आमच्याकडून निघालेली गाडी नवरीसारखी दिसायची. नेलपॉलिश विकून दमलेला बाजारातला बांगडीवाला एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, खरं सांगा, तिथं गाडीच दुरुस्त होते ना?"

सुखदेवनं एकच ध्यास घेतला. "या मानसानं एकडाव, फक्त एकडाव, निशानी न मारता किल्ली माह्या हातात देली पायजे. मंग पाहा गॅरेज!"

*

पवनीच्या एका राइस मिलवाल्यानं ट्रक आणला. त्यानं ठिपके मारले नाहीत. त्यानं आपला साळा, म्हणजे मेहुणा, पहाऱ्याला ठेवला. सकाळपासून साळा स्टुलावर बसून आमच्या हातांकडे टक लावून बघायचा. पाना उचलला की मान वर, पाना ठेवला की मान खाली.

पण माणूसच तो. किती वेळ मान हलवणार? दोन दिवसांत आमच्यात रमला. आमचा चहा प्यायला लागला, आमच्याबरोबर पत्ते खेळायला लागला, एकदा तर त्यानं ट्रकचं चाक बसवायलाही मदत केली.

मिलवाला बघायला आला आणि ते दृश्य बघून दारातच थांबला. तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक माणूस घेऊन आला आणि त्यालाही स्टूल दिलं.

"हे कोन जी?" मी विचारलं.

"मुनीम होय. साळ्यावर ध्यान ठेवाले!"

*

एका सरकारी ऑफिसच्या जीपवर बंडू नावाचा ड्रायव्हर होता. जीपचं स्टेरिंग बदललं तेव्हा हॉर्नची तार आत कुठंतरी घासत राहिली. झालं असं की जीप डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. बंडू म्हणाला, "वाजू द्या. साहेब सुट्टीवर गेले की आनतो."

तो काही आला नाही. त्याची बायको आली. तणतणत आली आणि सरळ सुखदेवपुढे उभी राहिली.

"मिस्त्रीभाऊ, आमच्या ह्यायच्या जीपचा हॉर्न त्या नर्सबाईच्या घरापाशीच काहून वाजते?"

सुखदेवनं तिला सगळं नीट समजावलं. तार, बटण, डावं वळण. नर्सबाईचं घर नेमकं डाव्या वळणावर आहे, यात बंडूचा काही दोष नाही. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. चूक आमची म्हणून मी पण मध्ये पडलो. म्हटलं, "वहिनी, उद्याच दुरुस्त करून देतो."

"हात नोका लावू!" ती ओरडली. "उजव्या वळनाले बी वाजंल असं करून द्या. घरबसल्या मले समजलं पायजे, हे कोठं जाऊन राहिले ते!"

*

स्टेरिंग बसवताना एक बारीक गोष्ट असते. शाफ्टला दाते असतात, आणि चाक काढलं तेव्हा ज्या दात्यावर होतं त्याच दात्यावर परत बसवावं लागतं. एक दाता चुकला की गाडी सरळ जाते पण स्टेरिंग वाकडं दिसतं. एका वकीलसाहेबांच्या गाडीचा असा एक दाता चुकला.

वकीलसाहेब महिनाभर मान तिरपी करून गाडी चालवत होते. आम्हाला कळलं तेव्हा सुखदेव स्वतः त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, "साहेब, एका घडीचं काम हाय. सरळ करून देतो."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "मी तक्रार केली का?"

"नाई जी."

"मग तुम्ही स्वतःहून कसे आलात? न मागता दुरुस्ती करणारा मिस्त्री मी आजवर पाहिलेला नाही. यात काय आहे ते मी शोधून काढीन!"

गाडी विकेपर्यंत त्यांनी ती तशीच चालवली. मानेला पट्टा लागला, पण स्टेरिंगला हात लावू दिला नाही. तेव्हापासून सुखदेवनं नियम केला. चाक काढण्याआधी शाफ्टवर आणि चाकावर पंचानं, म्हणजे टोकदार छिन्नीनं, एकेक ठिपका ठोकायचा.

*

आणि मग नानाजींचं स्टेरिंग आलं.

त्या ॲम्बेसिडरचं स्टेरिंग पार झिजलं होतं. तीन ठिकाणी तडे, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, त्यावर सुतळी. हात लावला की काळा व्हायचा. नवीन बसवायचं ठरलं. नानाजी शेजारच्या सीटवर ठाण मांडून बसले. सुखदेवनं हॉर्नचं बटण काढलं, पंच घेतला आणि ठक्कन ठिपका ठोकला.

नानाजी उसळले. "मी निशानी मारतो तं तुले राग येते, अन् आता तू कायले मारून राहिला बे?"

"तुमच्या गाडीवर भरोसा नाई म्हनून!" सुखदेव बोलून गेला. माझ्या हातातला कप सांडता सांडता राहिला. नानाजी मात्र खूश दिसले. आपल्यासारखा विचार करणारा माणूस त्यांना बहुतेक पहिल्यांदाच भेटला असावा.

चाक गंजून घट्ट बसलं होतं. अशा वेळी नट पूर्ण काढायचा नसतो, दोन आटे लागलेला ठेवायचा, म्हणजे चाक एकदम सुटून तोंडावर येत नाही. नानाजींना तो नट डोळ्यात खुपायला लागला. "नट ठेवला तं चाक निघंल कसं? टाइम काढून राहिले तुमी! उतर खाली, मी काढतो."

सुखदेव चाक ओढून काढायचा पुलर आणायला खाली उतरला, तेवढ्यात नानाजी ड्रायव्हरच्या जागी सरकले, बोटांनीच नट फिरवून काढला आणि डॅशबोर्डला दोन्ही गुडघे टेकवून असा हिसका दिला की चाक सुटून त्यांच्या नाकावर आलं! नानाजी मागच्या मागे आडवे. आम्ही धावलो. नाक लाल, टोपी मागच्या सीटवर, आणि चाक छातीशी कवटाळलेलं.

"लागलं का जी?"

"चाक नाई देनार!" नानाजी आतूनच ओरडले.

*

तेव्हा त्यांना एक नवीनच गोष्ट सुचली. नवीन स्टेरिंग नागपूरहून येईपर्यंत गाडी आमच्याकडेच राहणार होती. आम्ही ती लग्नाबिग्नाला फिरवू, मंडईच्या जत्रेला नेऊ, असा त्यांना कायमचाच संशय. पण चाकच नसेल तर? म्हणून नानाजी जुनं स्टेरिंग बगलेत मारून एसटीनं सानगडीला निघाले.

एसटी गच्च भरलेली. नानाजी चाक घेऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. ड्रायव्हरनं वळून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"काकाजी, घरून कायले आनलं? एक लागून हाय आमच्यात!"

*

नागपूरहून नवीन स्टेरिंग आलं ते दुसऱ्याच गाडीचं. दाते जुळेनात. मी ते परत पाठवलं. गाडी बिनचाकाची उभी, बाकी सगळी ठणठणीत. अशातच एका दुपारी सानगडीच्या बसचा कंडक्टर धावत गॅरेजमध्ये आला.

नानाजींच्या पत्नी, माई, माळ्यावरून पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं तर गावात मोटर नाही. बैलगाडीत घालायला गेले तर माई अशा किंचाळल्या की पुन्हा खाटेवर ठेवलं. गावातली एकुलती एक मोटर आमच्याकडे, आणि तिचं चाक नानाजींकडे!

बंडूची जीप दौऱ्यावर. सरकारी दवाखान्याची गाडी बाहेरगावी. जीपचं एक जुनं स्टेरिंग आमच्याकडे पडलं होतं, ते ॲम्बेसिडरला बसेना. बस पकडून चाक आणावं तर येण्याजाण्यात संध्याकाळ. सुखदेव क्षणभर उभा राहिला. मग त्यानं भिंतीवरचा मोठा पाइप पाना काढला, शाफ्टवर ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि पाना त्यावर करकचून आवळला.

"बस," तो मला म्हणाला.

"पाना निसटला तं?"

"तं तू धर!"

असा प्रवास मी आयुष्यात केला नाही. वळण आलं की पान्याचा दांडा सुखदेवच्या गुडघ्याला लागायचा, मग गाडी थांबवायची, पाना सोडायचा, फिरवून पुन्हा आवळायचा आणि पुढे. धानाच्या बांध्यांतल्या बाया निंदण सोडून बघत उभ्या राहायच्या. मी सारखा देवाचं नाव घेत होतो. सुखदेवचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, पण चेहरा मात्र उजळला होता. असा चेहरा मी त्याचा फार दिवसांनी पाहिला.

"आता तं नानाजी मानतीलच ना बे?" त्यानं विचारलं.

"आता नाई मानलं तं कधीच नाई," मी म्हणालो, आणि मला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या वडिलांच्या कानावरही हे जाईल, असंही माझ्या मनात आलं.

सानगडीत शिरलो तर पोरं गाडीमागे पळायला लागली. नानाजींच्या अंगणात माईंची खाट, भोवती सगळा गाव. नानाजी उशाशी बसून त्यांच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडत होते. डोळे लाल झाले होते. गाडीचा आवाज ओळखून ते ताडकन उठले. गाडीकडे बघितलं, ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या सुखदेवकडे बघितलं आणि धावत घरात गेले.

आम्हाला वाटलं, पैसे आणायला गेले असतील, नाहीतर माईंचं लुगडं. तेवढ्यात आम्ही दोघांनी आणि गावातल्या दोघांनी माईंना अलगद उचलून मागच्या सीटवर निजवलं. माईंनी सुखदेवच्या डोक्यावरून हात फिरवला. "देवासारखा आला रे बापू," म्हणाल्या.

नानाजी बाहेर आले. जुनं स्टेरिंग दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. सुतळी, ट्यूब, सगळं जसंच्या तसं. सुखदेवनं पाना सोडवला, खिशातून नट काढला आणि चाकासाठी हात पुढे केला.

"आना नानाजी. लवकर. भंडारा दूर हाय."

नानाजी हलेनात. त्यांनी पान्याकडे पाहिलं, रिकाम्या शाफ्टकडे पाहिलं, मग हातातल्या चाकाकडे.

"अवो, द्या ना ते चाक!" माई आतून कण्हल्या.

"देतो, देतो," नानाजी म्हणाले आणि चाक आणखी घट्ट धरून सुखदेवच्या कानाशी वाकले. "पन आधी मले खरं सांग. याच्या आधी कितीदा नेली बे गाडी अशी?"