कणगीमागचा उंदीर

मंडळी, हे गावाबाहेर, शेतात उभारलेल्या झोपडीत बसून लिहितो आहे. प्लेगात घरात उंदीर मेला की लगेच घर सोडायचं, हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या सहा वर्षांच्या नातीला, कृष्णीला, मात्र आम्ही ते सांगितलंच नव्हतं. पोर घाबरेल म्हणून.

आज सकाळी मी लिहीत असताना ती पुन्हा आली. "वर्तमानपत्राचा मजकूर द्यायचाय, नंतर ये," असं सांगून मी तिला दोन दिवस पिटाळत होतो.

"आबा, कणगीमागचा उंदीर अजून उठला न्हाय की!"

"कधीपासून निजलाय?"

"परवापासनं. तुमी ऐकतच न्हाय. मग मीच त्येला पाणी पाजलं, मांडीवर घेतलं."

मी लेखणी टाकून उठलो.

तासाभरात आम्ही घर सोडलं. तेव्हापासून सारखी तिची काख चाचपतो, गाठ आली नाही ना बघतो. कपाळ अजून गार आहे.

"आबा, गुदगुल्या हुत्यात!" म्हणून ती हसते आणि बोलतच राहते. आज मी शब्द न् शब्द ऐकतो आहे.

तुमचं नातवंड काही सांगायला आलं होतं का? आत्ता उठून विचारा.