तपकिरी ट्रक

यांगझोमताई तिबेटी आहे आणि अस्सल नागपुरी मराठी बोलते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तिथे ती जन्मली. आयर्लंडमधल्या ॲथलोनमध्ये आम्ही दोघी वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. पहिल्या दिवशी मी हातमोजे उलटे घातले, तर मागून आवाज आला, ‘‘काय करून राहिली वं?’’ मी नागपूरची, मराठीत एम.ए. मला वाटलं, भास झाला.

ती मुळात पत्रकार. धरमशालेत तिने बरीच वर्षं बातमीदारी केली होती. देशाबाहेर राहणाऱ्या तिबेटी पत्रकारांच्या संघटनेची ती सदस्य. ‘‘आयर्लंड शाखेची अध्यक्ष मी, चिटणीस मी, विरोधी पक्षही मीच,’’ म्हणायची. रविवारी दुपारी लॅपटॉपवर बैठक असे. २०२१च्या हिवाळ्यात कोविडमुळे सगळं बंद होतं. एकट्या राहणाऱ्याला एका घराशी जोडून घ्यायची मुभा होती. मी तिच्या घराशी जोडून घेतलं. चहा पीत बैठक ऐकायचे. भाषा कळायची नाही, भांडण कळायचं.

भांडण बहुधा एकाच नियमावरून. तिबेटातली बातमी दोन माणसांकडून यायला हवी. त्या दोघांनी ती एकमेकांकडून ऐकलेली नसावी. नाहीतर छापायची नाही.

फेब्रुवारीत ताईकडेच एक बातमी आली. मामांच्या गावातली तिबेटी शाळा बंद झाली होती, शिक्षकांना ट्रकमधून नेलं होतं. मामा म्हणजे तिच्या आईचे धाकटे भाऊ. आई तिबेटातून निसटली, ते मागे राहिले. तिकडे तिचं आता तेवढंच माणूस. हवापाण्याच्या गप्पांत ते एखादं वाक्य सोडून जायचे. पुढे शेजारच्या खोऱ्यातल्या एका व्यापाऱ्यानेही तेच सांगितलं.

डब्लिनचं एक वर्तमानपत्र ती बातमी ताईच्या नावाने छापणार होतं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. तिच्यापेक्षा मीच जास्त नाचत होते.

पाठवण्याआधी तिने दोन्ही ध्वनिसंदेश पुन्हा ऐकले. मग कपाळाला हात लावला.

‘‘ट्रक तपकिरी होते म्हणतो.’’

‘‘कोण?’’

‘‘दोघंही.’’

‘‘मग चांगलंच की, ताई!’’

‘‘कायचं चांगलं वं? मामाले हिरवं दिसतच नाही. गवतही त्याले तपकिरी. माय सांगून हसायची. लष्कराचे ट्रक हिरवे असतात. त्या व्यापाऱ्यानं काही पाहिलंच नाही, मामाचंच ऐकलं.’’

‘‘मग रंग काढून टाक. एकच शब्द तर आहे.’’

‘‘शब्द जाईल. पण साक्षीदारही एकच राहील. अन् तो कोण, हे तिकडं शोधायले किती वेळ लागते? भाची पत्रकार आहे त्याची. माझं नाव दिसलं, की मामाले उचलतील.’’

तिने डब्लिनला फोन लावला. बातमी देत नाही, म्हणाली. कारण सांगितलं नाही. पलीकडून ‘ग्रँड’, म्हणजे इथलं ‘ठीक आहे’, एवढंच आलं आणि फोन बंद झाला. रविवारी बैठकीत ती उभी राहिली. स्वतःच्या नातलगाच्या भरवशावर आपण बातमी करायला निघालो होतो, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मला मागून मराठीत. ती बातमी काठमांडूच्या एका सदस्याच्या हाती दिली. मग आमचा गार झालेला चहा पुन्हा गरम केला.

मी पाच वर्षं साहित्य शिकले. एका विशेषणापायी कुणी आपलं नाव सोडून देताना पाहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये बातमी छापून आली. वेगळे दोन साक्षीदार, मामा त्यात कुठेच नाहीत. ट्रक हिरवे. नाव काठमांडूच्या माणसाचं. जेवणाच्या सुट्टीत ताईने ती मोबाइलवर दाखवली. ‘‘पोट्ट्यानं चांगलं लिहिलं,’’ म्हणाली. मग मामांचा नवा संदेश कानाला लावला. बर्फ वितळलंय, याकला वासरू झालंय. तिने तो दोनदा ऐकला आणि डबा तसाच राहिला.

हे लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

‘‘मामाची ती खूण काढ. ओळखतील त्याले. दुसरं काही टाक.’’

मी डोळ्यांचं टाकलं. मामांना गवत हिरवंच दिसतं. त्यांची खरी खूण मला ठाऊक आहे, आणि ती या पानावर नाही.