निहारिकापेक्षा हलकी बॅग

निहारिका डब्लिनला सुलेखाकडे राहायला येणार होती त्या दिवशी सुलेखाचा नवरा आकाश तिला आणायला विमानतळावर गेला, तो गाडीच्या मागच्या सीटा पाडूनच. पुण्याची ओळखीतली मुलगी, शिकायला येतेय, म्हणजे दोन मोठ्या बॅगा, एखादं खोकं आणि वर पिशव्या असणारच, असा त्याचा अंदाज. परत आला तेव्हा त्या एवढ्या मोकळ्या जागेत पाठीवरची एक करडी बॅग एकटीच आडवी पडली होती.

"बाकीचं सामान मागून येतंय का गं?" सुलेखाने दारातच विचारलं.

"नाही ताई, एवढंच आहे," निहारिका म्हणाली, आणि ती बॅग एका खांद्यावर टाकून आत आली.

जिन्यात उभी असलेली अनुष्का, सुलेखाची पंधरा वर्षांची लेक, वरूनच ओरडली, "नो वे! दॅट्स सो कूल!"

सुलेखाला काहीतरी टोचलं, ते तेव्हाच. ती स्वतः नागपूरहून लग्न होऊन डब्लिनला आली तेव्हा तिच्या सामानाला दोन ट्रॉल्या लागल्या होत्या. कुकर हातातल्या पिशवीत होता आणि तपासणीच्या अधिकाऱ्याने तो उघडून, वास घेऊन, शिट्टी हलवून बघितली होती. हा किस्सा आकाश अजूनही पाहुण्यांना रंगवून सांगतो. सुलेखाही सगळ्यांबरोबर हसते, पण उठून पाणी आणायला जाते.

सामान हीच सुलेखाची ओळख होती. क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कमध्ये ती सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायची, पण मराठी मंडळींत तिला ओळखत ते तिच्या पर्सवरून. गणपतीच्या कार्यक्रमात कुणाची साडी सुटली तर सेफ्टी पिन सुलेखाकडे. कुणाच्या मुलाला गाडी लागली तर आवळासुपारी सुलेखाकडे. नागपूरला जाऊन आली की निम्म्या ओळखीच्यांच्या घरी तिने आणलेल्या कुरडया तळल्या जायच्या. याचा तिला अभिमान होता. आता घरातल्या सगळ्यात लहान खोलीत एक मुलगी तीन शर्ट, दोन पँटी आणि एका स्वेटरवर आनंदात राहत होती, आणि अनुष्काच्या लेखी जगात तिच्यासारखं कुणी नव्हतं.

तेवढंही सुलेखाने पचवलं असतं. पण एका शनिवारी ती धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन वर आली, तेव्हा निहारिकाच्या खोलीतून आवाज आला.

"निहाताई, हे गुंडाळून ठेवायचा की घडी घालायचा?"

सुलेखा जिन्यातच थबकली. आवाज अनुष्काचा होता आणि ती मराठी बोलत होती. तिची अनुष्का, जिला "जेवायला ये" म्हटलं तर "टू मिनिट्स, आई" असं उत्तर यायचं, जिला मराठी सगळं कळायचं पण जिच्या तोंडून गेल्या काही वर्षांत "आई" आणि "नको" यापलीकडे मराठी शब्द निघाला नव्हता. आत दोघी टी-शर्ट गुंडाळत होत्या, हसत होत्या. सुलेखा टोपली कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट.

ऑक्टोबरच्या मिडटर्मच्या सुट्टीत पोर्तुगालमध्ये पोर्टोला जायचं ठरलं. आकाशला लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून रजा मिळेना. "निहारिका येतेय ना तुमच्याबरोबर, मग झालं," असं तो म्हणाला, आणि ते 'मग झालं'ही सुलेखाला लागलं. तिकिटं स्वस्तातली, प्रत्येकीला सीटखाली मावेल एवढीच बॅग.

"आई, तुला नाही जमणार," अनुष्का इंग्रजीत म्हणाली आणि हसली. "यू'ड ब्रिंग द होल किचन."

सुलेखाने मनाशी ठरवलं: निहारिकापेक्षा हलकी बॅग.

मग तिने जे केलं ते तिला कुणालाच सांगता आलं नसतं. निहारिका अंघोळीला गेली असताना तिच्या खोलीत शिरून तिने ती करडी बॅग उचलून पाहिली. आपल्या खोलीत येऊन, दार लावून, आपली उचलून पाहिली. जड होती. शाल काढली. चपला काढल्या. चिवड्याची पुडी काढली. तरी बॅगेचा माथा फुगलेलाच. शेवटी हातात आली औषधांची पिशवी. या पिशवीशिवाय सुलेखा कधी भाजी आणायलाही फार लांब गेली नव्हती. ती क्षणभर घुटमळली, मग स्वतःलाच म्हणाली, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पिशवी बाथरूमच्या प्रेसमध्ये गेली. अनुष्कामुळे घरात कपाटाला आता सगळेच प्रेस म्हणायचे. बॅगेची चेन सरकन लागली. सुलेखाने पुन्हा उचलून पाहिलं आणि आरशात बघून हसली.

विमानतळावर गेटपाशी बॅगा मापायचा लोखंडी सांगाडा होता. निहारिकाची बॅग थोडी दाबावी लागली. सुलेखाची अल्लाद आत गेली, वर जागा राहिली. "ग्रँड, लव्ह," तिथली बाई म्हणाली. सुलेखाने मोठ्या दिमाखात अनुष्काकडे पाहिलं. अनुष्का निहारिकाच्या फोनमध्ये डोकं घालून कसलातरी फोटो बघत होती.

पोर्टोला दुसऱ्या दिवशी दुपारी तिघी नदीकाठच्या एका खानावळीत जेवल्या. अनुष्काने कोळंबीसारखं काहीतरी मागवलं, निहारिकाने घेतलं म्हणून. मुक्कामाकडे चढ चढताना अनुष्का मान खाजवायला लागली. भाड्याच्या खोलीत पोचेपर्यंत हातांवर, पोटावर, पाठीवर लालभडक गांधी आल्या होत्या. पित्त उठलं होतं. श्वास व्यवस्थित होता, ओठ सुजले नव्हते, ते सुलेखाने आधी पाहिलं. पण पोरगी खाजवून खाजवून रडकुंडीला आली होती.

"आई, द टॅब्लेट. प्लीज."

सुलेखाचा हात सवयीने बॅगेकडे गेला आणि मध्येच थांबला. "नाही आणली गं."

अनुष्काने तिच्याकडे असं पाहिलं, जणू आईने घरच विकून टाकलं होतं. "बट यू ऑलवेज हॅव इट," ती म्हणाली.

घरी त्या पिशवीत गोळ्या होत्या. आमसुलंही होती, कोळ करून अंगाला लावायला. सगळं प्रेसमध्ये सुरक्षित होतं.

"मी आणते," निहारिका म्हणाली. कोट चढवून, भर पावसात ती उतार उतरत पळत गेलीसुद्धा. सुलेखा मुलीच्या पाठीवर गार पाण्याचा रुमाल ठेवत बसली आणि तिच्या मनात आलं ते फार वाईट होतं: हिला दुकान सापडू नये. लगेच तिने स्वतःला शिवी हासडली. निहारिकाला दुकान सापडलं. दुकानदाराला तिने फोनमधले अनुष्काच्या हाताचे फोटो दाखवले आणि अचूक गोळी आणली. तास-दीड तासात गांधी बसू लागल्या आणि अनुष्का झोपून गेली, निहारिकाच्या करड्या स्वेटरात.

बाहेर पाऊस लागून राहिला होता. दोघी छोट्या गॅलरीत कॉफी घेऊन बसल्या. निहारिकाचे केस अजून ओले होते.

"डोकं पूस आधी, सर्दी होईल," सुलेखा म्हणाली, आणि त्याच दमात म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो. खरं सांगते. जळते मी तुझ्यावर."

निहारिका गोंधळली. "कशावरून, ताई? बॅगेवरून?"

"बॅग गेली खड्ड्यात. ती तुझ्याशी मराठी बोलते. माझ्याशी नाही बोलत. मी काय कमी केलं? बाराखडीची पुस्तकं आणली, आजीशी रोज फोन लावून दिला, चुकली की दरवेळी सुधारून सांगितलं..."

निहारिका कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "एक सांगू? पण तुम्ही रागवाल."

"रागावलेलीच आहे. सांग."

"ती लहान असताना तुम्ही नागपूरला गेला होतात. तिथून आल्यावर ती सगळ्यांना म्हणाली होती, मी आजीचा हात खाल्ला."

सुलेखाला हसू फुटलं. "हो! आजीच्या हातचं खाल्लं म्हणायचं होतं तिला. काय हसलो होतो आम्ही."

"ते तुम्ही अजून प्रत्येक पार्टीत सांगता, असं ती म्हणते. तिच्यासमोर. म्हणून तिने ठरवलं, आईसमोर मराठी बोलायचंच नाही. माझ्याशी बोलते, कारण मी हसत नाही आणि सुधारतही नाही. मला खरं तर काही मोठं येत नाही, ताई. मी नुसती ऐकते."

सुलेखाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं. अगदी याच गणपतीत तिने तो किस्सा सांगितला होता. सगळे खो खो हसले होते आणि अनुष्का "कार कीज, प्लीज" म्हणून गाडीत जाऊन बसली होती. पोरगी कंटाळली असेल, एवढंच तेव्हा सुलेखाला वाटलं होतं. आकाशने कुकरचा विषय काढला की आपण पाणी आणायला का उठतो, हे तिला चांगलं माहीत होतं. मुलीला पाणी आणायला स्वयंपाकघर नव्हतं, गाडी होती.

आणि तरीही पुढचं जे तिच्या तोंडून निघालं, ते हेच: "हेसुद्धा तिने तुलाच सांगितलं."

सुलेखाने आतून टॉवेल आणून निहारिकाच्या हातात दिला.

परत आल्यावर घरात लगेच काही बदललं नाही. सुलेखाने सुधारणं बंद केलं, पण सुधारायला समोर काही नव्हतंच. अनुष्का इंग्रजीतच बोलत राहिली. दिवाळीच्या फराळाला वसुधाने, आकाशच्या मित्राच्या बायकोने, ताटं मांडता मांडता विचारलं, "अगं सुलेखा, तो हाताचा किस्सा सांग ना यांना, हे नवीन आहेत."

"तो नाही सांगणार आता," सुलेखा म्हणाली. "तो माझा नाहीये." आणि तिने शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला अनुष्काने मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये घातली.

पुढच्या वर्षी निहारिकाचं शिक्षण संपलं, कॉर्कला नोकरी लागली आणि ती गेली. सुलेखाला हायसं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. रविवारी अनुष्काच्या खोलीतून फोनवरची कुजबुज आणि हसणं ऐकू यायचं, आणि खाली भांडी विसळताना सुलेखाचे कान वरच लागलेले असायचे. हेवा काही गेला नाही. फक्त आता तो आला की तिला ओळखू यायचा.

त्यानंतरच्या मार्च महिन्यात एका संध्याकाळी ती अनुष्काला हॉकीच्या सरावाहून आणत होती. अनुष्का बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली होती. मग एकदम म्हणाली, "आई, मला एमाचा खूप राग आली आहे."

आला आहे, असं सुलेखाच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिने दात घट्ट मिटले आणि इंडिकेटर दिला. "काय केलं तिने?"

"तिने माझी सीक्रेट सगळ्या मुलींना सांगितली. मग त्या सगळी हसला. मी पण हसली, पण मला... आय डोन्ट नो, आतमध्ये दुखतो." थांबत, अडखळत, अर्ध्या वाटेत इंग्रजीत शिरत आणि परत येत ती सांगत गेली. घराचं वळण आलं. सुलेखाने ते सोडून दिलं आणि राउंडअबाउटला आणखी एक फेरी घातली.

"निहाताईला काल सांगितलं मी," अनुष्का म्हणाली.

स्टिअरिंगवरची सुलेखाची बोटं आवळली. म्हणजे इथेही आपण दुसऱ्याच.

"मग काय म्हणाली ती?" तिने विचारलं, आणि घराचं वळण पुन्हा मागे पडू दिलं.