पासलीचा भात आणि दुधीचे ओट्स

पुण्याहून निघालो ते पासली गावच्या नव्या तांदळाच्या भातावर डोळा ठेवूनच. निदान मी तरी. माझा नवरा सुधीर याने दोन महिन्यांपासून घरात आरोग्याचं खूळ आणलं होतं आणि मला जीव नकोसा झाला होता. नसरापूरला मिसळीचा वास आला, तर तर्रीच्या भीतीने त्याने गाडीच थांबवली नाही. वेल्ह्यापर्यंत मी डब्यातली काकडी चावत बसले.

पुढे रस्ता डोंगराच्या कडेने वळत गेला. भाताची खाचरं कापून झाली होती, बांधावर पेंढा रचलेला होता. मावसभाऊ दत्तादादा रस्त्यावरच वाट पाहत उभा होता. घरी गेल्यावर चहा आला तो बिनसाखरेचा. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चुलीवरच्या भाताचा वास ओटीपर्यंत येत होता. पण आमच्या दोघांच्या ताटांत शेवंतावहिनींनी वाढला तो राखाडी लगदा. दुधी घातलेले ओट्स, मीठसुद्धा नाही.

"तुमच्याकडं आमी ह्येच खाल्लं व्हतं ना," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "तुमाला दुसरं चालत न्हाई, म्हणून आमचं ह्ये टेम्पोनं भोरला जाऊन पुडा घिऊन आलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गेल्या महिन्यात दादा-वहिनी आमच्याकडे मुक्कामाला होते. सुधीरच्या हट्टापायी मी त्यांना हाच लगदा वाढला, आणि त्यांनी चकार शब्द न काढता संपवला. मी मात्र नंतर ओट्याशी उभी राहून पोळी-लोणचं खाल्लं होतं.

इकडे सुधीरने चार घास गिळले आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला. मी ताट उचलून आत गेले.

"वहिनी, भात द्या. हे माझ्या घशाखाली जात नाही. त्या दिवशीही मी खाल्लं नव्हतं."

वहिनींनी पातेल्यावरचं झाकण काढलं. न रागावता, नुसतं विचारलं, "मग वन्सं, आमाला का वाढलं?"

भात मिळाला, वर तूपही. सुधीरनेही निमूटपणे ताट पुढे केलं.

निघताना वहिनींनी तांदळाची पिशवी दिली आणि वाया जायला नको म्हणून उरलेला ओट्सचा पुडाही. तो पुडा पुण्यापर्यंत माझ्या मांडीवर होता. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर सुधीरवर ढकलावं असं वाटेत बरेचदा मनात आलं. पण त्या दिवशी वाढायला मीच उभी होते.