केवताचे दोन वैरी

नोंगफाय गावात भांडणं पुष्कळ होत, पण एका टोपलीतला चिकट भात खाल्ला की ती मिटतही. केवताचं तसं नव्हतं. तिचा राग माठात खारवून ठेवलेल्या मासळीसारखा होता. जितका जुना, तितका उग्र.

तिला वैरी दोनच. पहिली तिळाएवढी, पायांवर पांढरे पट्टे मिरवणारी, दिवसाढवळ्या घोट्याला चावणारी डासाची मादी. तिला केवता ‘सटवी’ म्हणायची. दुसरा वैरी सिंगखाम काका, मठाचा कारभारी.

गावाचा भोंगा ह्या काकाच्या ताब्यात. कोंबडा आरवायच्या आत सुरू. “फूऽऽ, फूऽऽ... ह्यालो... एक, दोन... ग्रामस्थहो, अहेम, आज मठात, अहेम...” बातमी कमी आणि खाकरणं जास्त. शिवाय आजारातून उठलेल्याचा जीव परत बोलावण्याचा विधीही त्याच्याच हातचा. आजारपणात माणसाचा जीव घाबरून रानात पळतो, तो चुचकारून घरी आणावा लागतो. त्यासाठी केळीच्या पानांचा मनोरा रचायचा, उकडलेलं अंडं ठेवायचं, भात ठेवायचा आणि आजाऱ्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधायचा.

केवताच्या लेकीला, पुईलाही, त्यानंच दोरा बांधला होता. नऊ वर्षांची पोर तापानं फणफणली, डोळ्यांमागे दुखतंय म्हणून रडली, आणि मग एका सकाळी ताप झर्रकन उतरला. सिंगखामनं तिच्या कपाळाला हात लावला. “गार! अगदी गार! जीव दाराशी आलाय, पोरी. दवाखान्याच्या वाटेवर नेलंस तर पुन्हा पळेल. अंडं उकड!” केवतानं उकडलं. पोर पेंगत होती, पोट दाबून धरत होती, हात माठाच्या पाण्यासारखे थंड. सगळे म्हणाले, थकलीय बिचारी, झोपू द्या. पुई झोपली ती उठलीच नाही.

पुढे दवाखान्यातल्या परिचारिकेनं सांगितलं, “ताई, डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं. काहींना खरा धोका तेव्हाच असतो. रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपायला लागतं. पोट दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, लघवी होत नाही, पोर मलूल होतं. असं दिसलं की तसंच उचलून आणायचं.”

“हे आधी कुणी का नाही सांगितलं?”

केवतानं परिचारिकेला सोडून दिलं. सिंगखामला नाही सोडलं.

ती गावाची आरोग्य-स्वयंसेविका झाली. लोकांना वाटलं, दुःख विसरायला बाई कामाला लागली. कसलं विसरणं! ती सूड घेत होती. हातात विजेरी घेऊन घराघरांत घुसायची. रांजणात उजेड टाकला की अळ्या वळवळत खाली पळायच्या. “पळा, मेल्यांनो, पळा! तुमच्या आईनं माझी पोर खाल्ली!” म्हणत ती रांजण तापलेल्या फरशीवर पालथा करायची आणि त्या सुकेपर्यंत उभी राहायची. मुंग्या चढू नयेत म्हणून फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात ना, त्यांत मीठ ओतायची. नारळाच्या करवंट्या, जुने टायर, फुलदाण्या, काही सोडायची नाही. बायका म्हणायच्या, “आली गं आली, फौजदारीण आली! लपवा वाट्या!”

अडला फक्त मठ. रांजणांत औषध टाकायला गेली तर सिंगखाम आडवा. “अहेम! मठात जीवहत्या? अळीसुद्धा जीवच, पोरी.”

केवतानं हात जोडले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी कमळाचं फूल, उदबत्त्या आणि पिशवीभर छोटे मासे घेऊन हजर. “काका, पुईच्या नावानं मासे सोडते. पुण्याचं काम आहे, अडवू नका.” मासे सोडायला कोण नाही म्हणेल? थोरल्या भिक्खूंनी स्वतः आशीर्वाद म्हटला. माशांनी दोन दिवसांत रांजण स्वच्छ केले. सिंगखाम वाकून बघत राहिला.

“अगं, हे मासे अळ्या खातायत!”

“खाऊ देत की. त्यांचं कर्म, त्यांच्यापाशी.”

त्यानं सूड उगवला तो असा, की आपल्या घरच्या अंगणात केवताला पाऊल ठेवू दिलं नाही. कुंपणातून तिला दिसायचे, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी तीन मोठे रांजण, उघडे. त्याची सात वर्षांची नात ताय त्याच रांजणातून पाणी उपसून अंघोळ करायची. केवतानं आधी सांगून पाहिलं, मग ओरडून पाहिलं, आणि मग सांगणं बंद केलं. मनात म्हणाली, चाव गं सटवे, एकदा ह्याच्या घरी चाव. कळू दे म्हाताऱ्याला.

आणि ताय तापली.

केवता त्या घराकडे फिरकली नाही. तिसऱ्या-चौथ्या सकाळी भोंगा बोलला. “फूऽऽ... ग्रामस्थहो, अहेम, आनंदाची बातमी! माझ्या तायचा ताप उतरला! हातपाय छान गार पडलेत. जरा पोटात दुखतंय, दोनदा ओकली, पण आता शांत पडून आहे. जीव बोलवायला सगळ्यांनी या!”

केवता मिरच्या कुटत होती. मुसळ थांबलं. अगदी तेच. एकेक खूण तो स्वतःच्या तोंडानं गावभर ओरडून सांगत होता.

“बांध,” ती उखळाला म्हणाली. “बांध दोरा. उकड अंडं.” तिला हसू आलं, आणि ते हसू तिला आवडलं. आता ह्यालाही कळेल, गार हात हातात धरून बसणं काय असतं. तिनं पुन्हा मुसळ उचललं. चार घाव घातले. पाचवा घालवेना.

कारण हिशेब जमत नव्हता. म्हातारा रडला असता, हे खरं. पण जिंकली कोण असती? सटवी. त्याच गावात, त्याच डावानं, दुसऱ्यांदा. दोन वैऱ्यांतून एकालाच धरता येणार होतं. केवतानं शिवी हासडली, मिरच्यांचे हात पदराला पुसले आणि धावली.

सिंगखामच्या माडीवर निम्मं गाव जमलं होतं. ताय आजीच्या मांडीवर मान टाकून होती. काका दोरा हातात घेऊन गात होता, “ये रे जीवा, ये, रानात राहू नको...”

“जीव येत नाहीये, काका. चाललाय!” केवता जिना चढता चढता ओरडली.

“हिला कुणी बोलावलं? अपशकुनी बाई!”

केवतानं तायचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलं ते पांढरंच राहिलं, रक्त परत भरेना. “आजी, पोरीनं लघवी कधी केली?”

आजी गोंधळली. “काल संध्याकाळी... नंतर नाही गं केली.”

“गोळ्या कसल्या दिल्यात?”

“तापाची साधी गोळी. अंग दुखतंय म्हणून दुकानातून आणखी एक जोरातली आणलीय, ती द्यायचीय.”

“ती फेका! तिनं रक्तस्राव होईल. आणि उचला पोरीला.”

“विधी अर्धा टाकून?” सिंगखामचा आवाज चढला. “अहेम, जीव दाराशी आलाय...”

तेव्हा केवतानं त्याचाच आवाज काढला. तीच मान, तेच खाकरणं. “गार! अहेम! अगदी गार! दवाखान्याच्या वाटेवर नेलंस तर पुन्हा पळेल. अंडं उकड, पोरी!” हुबेहूब. कुणीतरी सवयीनं हसलं आणि लगेच गप्प झालं. “मी उकडलं होतं, काका. सोलून तिच्या हातात दिलं होतं. तिला ते धरवलंही नाही.”

सिंगखामच्या हातातला दोरा खाली पडला. त्यानं नातीला स्वतः उचललं आणि धडपडत जिना उतरला.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर दर थोड्या वेळानं रक्तदाब बघत होते, मोजून पाणी देत होते. म्हणाले, “आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.” दुसऱ्या दिवशी उजाडताना ताय करवादली, “आजी, शू आलीय!” ते ऐकून आजी ओक्साबोक्शी रडली. सिंगखाम केवतापुढे गुडघ्यांवर बसला, कपाळ फरशीला टेकवलं.

“पोरी, मला क्षमा कर.”

“नाही,” केवता म्हणाली.

तो तसाच वाकून राहिला. तिला वाटलं होतं, ह्या क्षणी आतलं काहीतरी निवेल. निवलं नाही. पण भूक लागली होती. पुई गेल्यापासून तिला अशी भूक लागली नव्हती.

“उठा,” ती म्हणाली. “घरी चला. सटवीची पिलं अजून तुमच्या अंगणात आहेत.”

त्या दिवशी सिंगखामनं तिन्ही रांजण एकट्यानं पालथे केले. शेजारी कुंपणाशी गोळा झाले, एकजण मदतीला सरसावला, तर केवतानं त्याला नुसत्या नजरेनं मागे लोटलं. ती खुराड्याच्या सावलीत बसून केळीच्या पानातला भात खात होती. म्हातारा घामानं निथळत होता.

“झालं?” त्यानं विचारलं.

“आतून घासा. अंडी भिंतीला चिकटतात. पाणी ओतून जात नाहीत.”

तो रांजणात डोकं घालून घासू लागला.

“आणखी जोरात,” केवता म्हणाली.