पाणी नको म्हणणारा मिस्त्री

मी लेडीज टेलर आहे. कोल्हापुरात, आमच्या पेठेत, घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे आणि मागच्या खोलीत मी आणि बाबा राहतो. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बारा-तेरा वर्षं झाली, मी दुसऱ्यांच्या लग्नाची ब्लाऊज शिवते. नवरीला आरशापुढं उभं केलं की तिची आई नाहीतर मावशी हमखास माझ्याकडे वळून विचारते, "आणि तुमचं कधी?" तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही.

खरं उत्तर असं होतं की मला लग्न करायचं होतं. पस्तिशीला आलेल्या बाईनं हे इतकं सरळ बोलायचं नसतं, पण मी बोलणार. आणि मला कुणाशीही करायचं नव्हतं, एकाच माणसाशी करायचं होतं. त्याच्या घरून मागणी यावी म्हणून मी जे उद्योग केले ते आठवले की मला आधी हसू येतं.

तो शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. राहायला पेठ वडगावला. मोटरसायकलला हत्यारांची पिशवी अडकवून इकडं कोल्हापूर, तिकडं हातकणंगले, सगळीकडं फिरायचा. पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या मशीनचं शटल अडकलं होतं. त्यानं मशीन उघडलं नाही, आधी हातानं चाक फिरवून कान लावून ऐकलं. आजवर माझं म्हणणंही कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. काम झाल्यावर बशीत ओतून दोन कप चहा प्याला आणि म्हणाला, "ताई, च्या झ्याक झालाय." सगळं आवडलं, तेवढं ताई सोडून.

त्यानंतर माझं मशीन सारखं बिघडायला लागलं. कधी पट्टा सैल व्हायचा, कधी सुई उलटी बसायची, एकदा तर शटलमध्ये दोऱ्याचा गुंताच निघाला. तो चिमट्यानं दोरे ओढून काढत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. "ताई," तो म्हणाला, "ह्यो दोरा आपल्या आपण आत गेल्याला न्हाय." मी म्हटलं, "उंदीर झाल्यात." त्यानं दोऱ्यांचा गोळा माझ्यापुढं ठेवला. पुढच्या वेळी येताना मात्र उंदराचं औषध घेऊन आला. मी ते अजून ठेवलंय.

मागणी कशी येते याचा आमच्या घरातला एकच किस्सा मला माहीत होता. बाबा आईला बघायला गगनबावड्याला गेले होते, ऐन चैत्रात. आई सांगायची, तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर बाबांनी थेंबसुद्धा घेतला नाही, घामानं सदरा भिजलेला तरी. आणि तिथून निघाल्यावर स्टँडवर उभे राहून तीन ग्लास उसाचा रस प्याले, ते आईच्या भावानं बघितलं. लहानपणी मी हा किस्सा पुन्हापुन्हा सांगायला लावायचे. आई हातवारे करून रस प्यायची आणि मी पोट धरून हसायचे. बाबांनी पाणी का घेतलं नाही, हे मी कधी विचारलं नाही.

आता एक गोष्ट सांगते, तिची मला लाज वाटते. दुकान नवीन होतं तेव्हा आमच्या घरच्या तसबिरी पुढच्या खोलीत होत्या. एक बाई कापड टाकायला आली, भिंतीकडं बघितलं, मला आडनाव परत एकदा विचारलं आणि "मॅचिंग आणून देते" म्हणून कापड घेऊन गेली ती गेलीच. दोन महिन्यांत अशा तिघी झाल्या. मग मी तसबिरी मागच्या खोलीत नेल्या आणि मध्ये उरल्यासुरल्या कापडांचा पडदा शिवून लावला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आमचं आडनाव असं की आमच्यातही निघतं आणि त्यांच्यातही. गिऱ्हाईक वाढलं.

मिस्त्रीचं आडनावही तसलंच होतं. तो आपल्यातला की त्यांच्यातला, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायचं कसं? त्यांच्यातला असला तरी माझी तयारी होती. त्याची असेल का, एवढाच प्रश्न होता.

एकदा माझं मशीन खरोखरच बंद पडलं. त्यानं मोटर बघितली, वायर बघितली आणि म्हणाला, "बोर्डात कायतरी झालंय. कुठं हाय बोर्ड?" बोर्ड मागच्या खोलीत होता. नाही कसं म्हणणार? तो पडदा सारून आत गेला. मी चहा गाळत होते, माझा हात थांबला. तो बाहेर आला तो वेगळाच होऊन. माझ्याकडं बघेना. चहा पुढं केला तर म्हणाला, "नगं आता." कप तसाच राहिला, वर साय धरली. जाताना "येतो" म्हणाला. ताई म्हणाला नाही.

त्या दिवसानंतर तो आमच्या घरात पाण्याचा घोट प्याला नाही, आणि ताईसुद्धा कधी म्हणाला नाही. माझ्यापुरता उलगडा झाला. त्यानं तसबिरी बघितल्या, पाणी बंद झालं, ताई म्हणण्याचा मानही गेला. असल्या बाबतीत आमच्या माणसांना दोन अधिक दोन करायला वेळ लागत नाही. शाळेत असताना मैत्रिणीच्या घरी मला वरून ओंजळीत पाणी घातलेलं मी विसरले नव्हते.

पण गंमत बघा, तो यायचा थांबला नाही. मशीन धड असलं तरी "ह्या बाजूला आलतो, तेल घालून जातो" म्हणून यायचा. बाबांशी बोलत बसायचा, त्यांचा बंद पडलेला रेडिओ त्यानं सुरू करून दिला. माणूस वाईट नाही, फक्त हे एक जळमट निघायला पाहिजे, असं मी ठरवलं. ज्या दिवशी हा माझ्या हातचा चहा पिईल त्या दिवशी बाबांना सांगायचं, की वडगावला जाऊन शब्द टाका. म्हणून मी कंबर कसली. चहात वेलदोडा घातला, नको. कोकम सरबत केलं, नको. रव्याचे लाडू केले, "दात दुखतोय" म्हणाला. एकदा पिठलं-भाकरीच्या वासानं त्याचं पोट गुरगुरलेलं मी स्वतःच्या कानानं ऐकलं, तरी म्हणाला, "जेवून आलोय." मी ताट झाकून ठेवलं आणि तो गेल्यावर मोरीत जाऊन रडले.

असं पावणेदोन-दोन वर्षं चाललं. बाबा थकत चालले होते. "माझ्यामागं तुझं कसं व्हायचं," हे एक वाक्य ते दिवसातून दोनदा म्हणायचे, सकाळी गोळ्या घेताना आणि संध्याकाळी.

मग तो वैशाखातला दिवस. तो हातकणंगल्याहून भर दुपारी आला होता, ओठ कोरडे पडलेले, मानेवर मीठ फुटलेलं. मी माठातलं पाणी स्टीलच्या ग्लासात भरलं आणि मशीनच्या फळीवर, त्याच्या हाताशी ठेवलं. तो म्हणाला, "नगं." मी ग्लास तिथंच राहू दिला. काम झालं, तो बाहेर गेला. मी दारात आले तर तो समोरच्या हॉटेलाच्या पिंपाला तोंड लावल्यासारखा उभा, ग्लासामागून ग्लास पाणी पीत होता. हत्यारांची पिशवी घ्यायला तो परत आला, तेव्हा मी त्याच्या वाटेतच उभी होते.

"आमच्या घरचं पाणी चालत नसंल," मी म्हटलं, "तर आमच्या मशीनला तरी कशाला हात लावता?"

तो दचकला. "तसं न्हाय वो."

"मग कसं?"

त्यानं आतल्या खोलीकडं बघितलं. बाबा रेडिओ ऐकत होते. खालच्या आवाजात तो म्हणाला, "पुढच्या म्हयन्यात आईला घिऊन..."

मी ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "आईला कशाला? तिला बी बाटवायला?"

तो माझ्याकडं बघत राहिला. काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले होते, हे मला आता कबूल करायला हरकत नाही. तो खाली बसला, पाने, स्क्रू-ड्रायव्हर एकेक करून पिशवीत भरले आणि गेला. ग्लास तसाच फळीवर होता. मी ते पाणी दारातल्या कुंडीत ओतलं आणि मला फार बरं वाटलं. फार शूर झाल्यासारखं वाटलं. त्याच रागात मी पडदा काढला आणि तसबिरी पुन्हा पुढच्या खोलीत आणून लावल्या. ज्याला यायचं त्यानं बघून यावं. बाबांनी स्टूल धरलं. गिऱ्हाईक म्हणाल तर फारसं कमी झालं नाही. इतकी वर्षं मी उगाच भ्याले होते.

तो आला नाही. मशीनला मी दुसरा मिस्त्री बघितला. तो मशीन चालवून कान लावत नसे.

पाऊस सरल्यावर एक दिवस एक म्हातारी दारात आली. पांढरी साडी, हातात कापडाची पिशवी. आत पाऊल टाकल्याटाकल्या तिनं भिंतीकडं बघून हात जोडले, मग खाटेवरच्या बाबांकडं वळून म्हणाली, "जयभीम, पावणं." मग तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूच व्हय ती?"

"कोण?"

"वडगावच्या मिस्त्रीची आई हाय मी."

माझ्या हातात कात्री होती, ती मी खाली ठेवली. ती जयभीम म्हणाली होती. ते शब्द माझ्या डोक्यात गोल फिरत होते.

"ब्लाऊज शिवायचंय," ती म्हणाली. "पोराचं लगीन हाय. पण खरं सांगू? ब्लाऊज वडगावातबी शिवून मिळतंय. मला तुला बघायचं हुतं. दोन वर्सं माझं पोरगं तुझ्या दारात तहानलेलं ऱ्हायलं, ती कोण पोरगी हाय, एकदा बघावी म्हटलं."

 तीच बोलत राहिली, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल अशी. "आमच्या भावकीत रिवाज हाय. जिथं सोयरीक करायचं मनात हाय, तिथं ठरल्याबिगर पाणी पेयाचं न्हाय. ह्यो एक दिवस घरला आला आन् म्हणला, आई, ती आपल्यातलीच हाय, मी तसबिरी बघितल्या, आजपास्नं तिथलं पाणी बंद. नाचायचा तेवढा ऱ्हायला. पण धाकटीचं लगीन व्हायचं हुतं, तिचं उरकल्याबिगर ह्येचं कसं काढायचं? म्हणून दोन वर्सं गेली. धाकटीचं झालं आन् मी म्हटलं, चल, आता जाऊ कोल्हापूरला." ती माझ्याकडं वळली. "तर मलाच बाटवणार हुतीस व्हय गं तू?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मला वाटलं..." मी म्हटलं, आणि मला वाटलं ते या बाईपुढं सांगता येईना.

"त्येला कळंचना. म्हणला, आपल्यातलीच असून असं का बोलली? तिच्या मनात न्हाय, म्हणूनच बोलली. नगं आता." तिनं पिशवीतून पांढरं कापड काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. "आता हातकणंगल्याची पोरगी बघितलीय. गुणाची हाय."

मी तिचं माप घेतलं. छाती, बाही, मुंढा. टेपवरचे आकडे मला दिसत नव्हते, तिनं ओळखलं असावं, कारण ती हात वर करून जरा जास्तच वेळ उभी राहिली. मग मी चहा केला आणि तिनं तो सगळा प्याला.

ती गेल्यावर बाबा खाटेवरून म्हणाले, "मी बी पेलो नव्हतो की पाणी. तुझ्या आईकडं."

"मला कधी सांगितलंत का?"

"तुझी आई सांगायची की सारखी. तू हसायचीस."

ब्लाऊज न्यायला तो स्वतः आला. दारात मोटरसायकल लावली, आत आला, तसबिरींना हात जोडले. पुढच्या खोलीत त्या बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. जरा वाळला होता. मी ब्लाऊज घडी करून पिशवीत घातलं. हुकं जरा घट्ट आहेत, आईला सांगा, असं काहीतरी मी बोलले. तो मशीनकडं बघत होता. त्यानं हात पुढं करून चाक अर्धं फिरवलं, कान जरा तिकडं केला आणि हात मागं घेतला.

मला सगळं सांगायचं होतं. शाळेतली ओंजळ, त्या तीन बायका, पडदा. दोन आठवडे मी मनात वाक्यं जुळवली होती. पण पत्रिका छापून झाल्या होत्या आणि हातकणंगल्यात एक मुलगी आरशापुढं उभी राहत असणार, तिच्या आई-मावश्यांच्या घोळक्यात. मी टाचण्यांची डबी उघडली आणि बंद केली.

"पाणी देता का जरा?" तो म्हणाला.

मी आत गेले. माठाशी उभी राहिले. तोच स्टीलचा ग्लास घेतला, भरला आणि आणून त्याच्या हातात दिला. त्यानं तो तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. आता त्याला आमच्याकडं पाणी प्यायला काही हरकत नव्हती.