काकूंची खुर्ची

शेजारचे काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण पुरीला जायचा पास मिळाल्यापासून रोज संध्याकाळी सुपारी कातरत ते मला तिथल्या खेकड्यांबद्दलच सांगत. "खेकडे धराले जाऊन राह्यलो बाप्पा," म्हणत आणि आधी स्वतःच हसत. मला त्या खेकड्यांचा वीट आला होता.

लग्नानंतर सासुरवाडीला, लामत्याच्या धानाच्या बांधीत, बिळात हात घालून खेकडा धरायला त्यांना काकूंनीच शिकवलं होतं. आता काकूंचे गुडघे वाकत नव्हते. म्हणून काकांनी लांब बांबूला दोरी आणि दोरीच्या टोकाला सुकट बांधली. बसल्या बसल्या धरता यावं म्हणून.

एका सकाळी ते वैनगंगेच्या रेतीत दिसले. घरातल्या खुर्चीच्या पायांखाली फळ्या ठोकून, ती पाण्याच्या कडेला मांडून वर बसले होते. मांडीवर जात्याचा दगड.

"हे काहून, काका?"

"खुर्ची रेतीत रुतते का, पाहून राह्यलो." मग त्या दगडावरून हळूच हात फिरवत म्हणाले, "तुही काकू माह्याहून जड हाय ना. तिले सांगू नोको."